केसाळ कातडे कमावण्याच्या घरगुती व व्यावसायिक पद्धती : भोर-वेल्हे परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
भोर व वेल्हे (राजगड) हे पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीलगतचे डोंगराळ तालुके होत. भातशेतीला शेळीपालनाची जोड असलेल्या अशा भागात जत्रा, बकरी ईद वा घरगुती प्रसंगी बोकड कापला जातो. मांसाचा विनियोग होतो, परंतु कातड्याचे मोल बहुधा हाती येत नाही. हे कातडे केसांसह घरी कमवावे की कारखान्याकडे द्यावे, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कमावणे म्हणजे काय? :
कातड्याचा मुख्य घटक कोलॅजेन हे प्रथिन होय. ओले कातडे जिवाणूंमुळे सडते, तर केवळ वाळविलेले कातडे भिजताच पूर्ववत होते. हलगीवर चढविलेले कातडे कमावलेले नसते, ते कच्चेच असते. कोलॅजेनच्या तंतूंना रासायनिक बंधांनी स्थिर करणे म्हणजे कमावणे. या स्थैर्याची एक कसोटी म्हणजे आकसण्याचे तापमान. कच्चे कातडे पाण्यात सुमारे ६० ते ६५ अंश सेल्सिअसला आकसते. क्रोमने कमावलेले कातडे सुमारे १०० अंशांपर्यंत टिकते.

पारंपरिक ज्ञानाची मर्यादा :
महाराष्ट्रात कातडी कमावण्याचे काम परंपरेने ढोर समाजाकडे होते. चुना, बाभळीची साल व हिरडा ही त्याची प्रमुख साधने. तथापि चुन्याचा हेतूच केस सोडविणे हा असल्याने ही पद्धत केसाळ कातड्यास जशीच्या तशी लागू पडत नाही; शिवाय साल व हिरडा यांमुळे केसांचा रंगही डागाळतो. हे कौशल्य जातीने लादलेल्या श्रमाशी व अवहेलनेशी निगडित होते, ही बाब त्याच्या पुनरुज्जीवनाचा विचार करताना विसरता येत नाही.

घरगुती पद्धत :
घरी तुरटी व मीठ यांचा वापर शक्य असतो. मांस व चरबी खरवडून कातडे या द्रावणात ठेवतात. नंतर सावलीत अर्धवट वाळवून तेल चोळतात व ताणून मऊ करतात. खर्च अल्प, साधने सोपी. मात्र तुरटीचा बंध कच्चा असतो. भिजल्यास तुरटी निघून जाते व कातडे पुन्हा ताठरते. सह्याद्रीच्या पावसाळी हवेत असे कातडे बसकर म्हणून कोरड्या जागीच टिकेल.

व्यावसायिक पद्धत :
कारखान्यात आम्ल व मिठाच्या द्रावणानंतर फिरत्या पिंपांत क्रोम क्षारांची प्रक्रिया होते. कातडे एकसारखे, मऊ व पाण्यात टिकणारे होते. परंतु एक-दोन कातड्यांसाठी वाहतूक परवडत नाही. पारंपरिक पद्धतीच्या कारखान्यांत किलोभर कच्च्या कातड्यामागे सुमारे ३० ते ४० लिटर पाणी लागते, व क्रोमयुक्त सांडपाण्यावर प्रक्रिया अनिवार्य ठरते. भाटघर, गुंजवणी व पानशेत या धरणांच्या पाणलोटात क्रोमचा घरगुती प्रयोग म्हणूनच सर्वस्वी अयोग्य होय.

निर्णायक टप्पा :
दोन्ही पद्धतींचे यश सोलल्यानंतरच्या पहिल्या काही तासांवर अवलंबून असते. सडण्यास आरंभ होताच केस मुळापासून सुटू लागतात. पुढे कोणतीही प्रक्रिया ते परत बसवू शकत नाही. म्हणून कातडे त्वरित थंड करून त्याच्या वजनाच्या सुमारे ४० ते ५० टक्के मीठ मांसाकडील बाजूस चोळणे आवश्यक ठरते. अकस्मात मेलेले जनावर काळपुळीचे असू शकते; त्यास सोलू नये, पशुवैद्यकास कळवावे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मुळे हा विचार पाळीव जनावरांपुरताच मर्यादित आहे. बिबट्या वा भेकराचे कातडे घरी अथवा कारखान्यात कमावणे गुन्हा ठरतो.

समारोप :
घर आणि कारखाना हे पर्याय परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. १९३४ साली वर्धा येथे स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाच्या कार्यात चर्मोद्योगास स्थान होते. नालवाडी येथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चालविलेले चर्मालय हे त्याच दिशेचे उदाहरण. १९४८ पासून चेन्नई येथील केंद्रीय चर्म संशोधन संस्था या क्षेत्रात संशोधन करीत आहे. भोर-वेल्ह्यापुरते पाहता, एखादे कातडे घरच्या वापरासाठी तुरटीने कमवावे. विक्रीसाठी मात्र वाडीवर खारवून, अनेक कातडी एकत्र करून कारखान्याकडे पाठवावीत, हेच श्रेयस्कर. कातडे वाया जाते ते मुख्यतः वेळेवर मीठ न लागल्याने. आणि हे ज्ञान पशुपालकापर्यंत पोहोचविणे महाविद्यालयीन विस्तारकार्यास सहज शक्य आहे.