चूल न विझवता बिऱ्हाड हलवायचं कसं?

बँकेकडून मोबाईलवर अधूनमधून निरोप येतो, ‘शनिवारी पहाटे अमुक ते तमुक वेळात आमची सेवा बंद राहील, गैरसोयीबद्दल क्षमस्व.’ आपण तो वाचतो, ‘बरं बाई’ म्हणतो आणि कुकर लावायला जातो. फार तर आदल्या दिवशी दूधवाल्यापुरते रोख पैसे काढून ठेवतो. त्या दोन-चार तासांत पलीकडे कोण काय करत असेल, हा प्रश्न निदान मला तरी कधी पडला नव्हता. तो पडला धाकटे भाऊजी आठवडाभर आमच्याकडे मुक्कामाला आले तेव्हा.

भाऊजी पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहेत. आमच्या गावातल्या एका मोठ्या इस्पितळाचं काम त्यांच्याकडे आलं होतं. इस्पितळातली सगळी माहिती, म्हणजे पेशंटची नावं, रक्तगट, कालचे रिपोर्ट, आजची औषधं, कुणाला काय चालत नाही ते, एका जागी साठवलेली असते. ह्या कोठाराला डेटाबेस म्हणतात. ज्या डिस्कवर हे कोठार होतं त्या जुन्या झाल्या होत्या, भरत आल्या होत्या आणि त्यातली एक मधूनच रुसायला लागली होती. तेव्हा कोठार नव्या डिस्कवर हलवायचं होतं.

“मग एक दिवस सगळं बंद ठेवा आणि हलवा की,” मी पोळ्या लाटता लाटता म्हटलं.

“वहिनी, अपघात विभाग एक दिवस बंद ठेवता येतो का?”

मी गप्पच बसले. दोन वर्षांपूर्वी सासूबाईंना रात्री दीड वाजता ह्याच इस्पितळात नेलं होतं. घाईत फाईल घरी राहिली. मला धड बोलता येत नव्हतं. डॉक्टरांनी पडद्यावर बघून विचारलं, “ह्यांना पेनिसिलिन चालत नाही ना?” चालत नाही, हे मी सांगायची विसरलेच होते हो! ती एक ओळ त्या रात्री पडद्यावर दिसली नसती तर, ह्या विचारानं आजही माझ्या पोटात गोळा येतो.

आता हिशेब बघा. त्या कोठारात दोन टीबी माहिती होती. (टीबी म्हणजे क्षय नव्हे, टेराबाईट. मीही आधी दचकलेच होते.) दोन टीबी म्हणजे साधारण वीस लाख एमबी. इस्पितळातल्या साध्या तारेतून सेकंदाला फार तर ११० एमबी जाते. भागाकार केलात तर पाच तास येतात. शिवाय सगळं नीट पोचलं का हे तपासायचा वेळ वेगळा. एवढा वेळ डॉक्टरांसमोरचा पडदा काळा! म्हणजे कोठार चालू असतानाच ते हलवायला हवं. चूल पेटलेली, वर आमटी उकळते आहे आणि आपण बिऱ्हाड हलवतोय, अशातला प्रकार.

तुम्ही म्हणाल, चालू असतानाच नक्कल करून घ्यायची, त्यात काय एवढं? अडचण अशी की नक्कल करायला पाच तास लागतात आणि त्या पाच तासांत लिहिणं थांबलेलं नसतं. तुम्ही पाचव्या पानाची नक्कल करून पन्नासाव्यावर पोचलात, तोवर पाचव्या पानावर कुणी खाडाखोड केली. तुमच्या नकलेत जुनंच राहिलं.

ह्यातली खरी युक्ती मला भाऊजींनी सांगायच्या आधीच ठाऊक होती, फक्त मला ती ठाऊक आहे हे ठाऊक नव्हतं. माझे वडील अडतीच्या दुकानात दिवाणजी होते. त्यांच्यापुढे दोन वह्या असत. एक कीर्द आणि एक खतावणी. कीर्दीत जसं घडलं तसं, एकाखाली एक लिहायचं. मग त्याच नोंदी सवडीनं खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर न्यायच्या. खतावणीत घोटाळा झाला तर कीर्द उघडायची, सगळं पुन्हा जुळवता येतं. “कीर्द शाबूत तर दुकान शाबूत,” असं बाबा म्हणायचे.

डेटाबेसही तेच करतो, बरं का! पोस्टग्रेस नावाचा एक प्रसिद्ध डेटाबेस आहे. त्यात ह्या कीर्दीला ‘राइट-अहेड लॉग’ म्हणतात, म्हणजे आधी लिहायची नोंद. कुठलाही बदल आधी कीर्दीत, मग खतावणीत. मध्येच वीज गेली तरी पुन्हा चालू झाल्यावर तो कीर्द वाचून आपली खतावणी पुरी करून घेतो. आणि कीर्दीतल्या प्रत्येक नोंदीला क्रमांक असतो.

मग हलवायचं कसं? नक्कल सुरू करताना कीर्दीचा क्रमांक टिपून ठेवायचा. मग खुशाल पाच तास, हवं तर दहा तास घेऊन खतावणीची नक्कल करायची. (भाऊजींनी ती मुद्दाम हळू केली. फार घाई केली तर चालू कामच अडखळतं. आपण स्वयंपाक करत असताना ओट्यावर कुणी डबे रचायला लागलं तर होतं ना, तसं.) नक्कल पुरी झाली की ती अर्थातच शिळी असते. मग त्या टिपलेल्या क्रमांकापासून पुढची कीर्द नव्या जागी उतरवत जायची. पहिल्यांदा अंतर तासांचं असतं, मग मिनिटांचं, शेवटी सेकंदाचं. एकदा अंतर सेकंदावर आलं की नवं कोठार जुन्याच्या पावलावर पाऊल टाकून चालत राहतं. चार दिवस चालू द्या, आठ दिवस चालू द्या. इस्पितळात कुणाला पत्ताही नसतो.

शेवटचं काम तेवढं राहतं, लिहिणं क्षणभर थांबवून सगळ्यांना नव्या दाराशी वळवणं. बंद ठेवायचं ते एवढ्यापुरतंच.

पण खरी मेख तिथेच आहे. सगळ्यात भीती कशाची, तर दोन्हीकडे एकदमच लिहिलं जाण्याची. लग्नघरात जावा-जावांनी एकाच आमटीत मीठ घातलेलं तुम्ही अनुभवलं असेलच. तसं इथे झालं, अर्ध्या नोंदी जुन्या वहीत आणि अर्ध्या नव्या वहीत गेल्या, तर ती सोडवणूक फार जिकिरीची. म्हणून आधी जुन्याला कुलूप आणि मगच नव्याचं दार उघडायचं. भाऊजींनी आधी दोन रात्री रंगीत तालीम केली. पहिल्या तालमीतच सापडलं की तळघरातल्या प्रयोगशाळेतलं रक्त तपासायचं एक यंत्र जुनाच पत्ता पाठ करून बसलं होतं. बाकी सगळी यंत्रं नाव सांगून पत्ता विचारत होती, हे एकटं मात्र आकड्यावरच अडून होतं. तालीम केली नसती तर खऱ्या रात्री त्याचे रिपोर्ट कुठेच पोचले नसते.

प्रत्यक्ष दिवस निवडला गुरुवार, वेळ पहाटे अडीचची. वॉर्डातल्या सगळ्या पेशंटच्या औषधांची यादी रात्रीच कागदावर छापून सिस्टरांच्या टेबलांवर ठेवली. अपघात विभागात कोरे फॉर्म आणि पेनं. मला हे फार आवडलं. संगणकावर एवढा विश्वास असलेली माणसं पेनं मोजून ठेवत होती!

भाऊजी एक वाजता चहा घेऊन निघाले. मलाही झोप नव्हतीच. अडीचला लिहिणं बंद केलं. एक जुना हिशेबाचा कार्यक्रम कुठेतरी चालूच राहिला होता, तो थांबवण्यात चार मिनिटं गेली. मग कीर्दीचा शेवटचा क्रमांक दोन्हीकडे ताडून पाहिला. मोठ्या तक्त्यांतल्या ओळी मोजल्या. जुन्याला कुलूप, नव्याचं दार उघडलं. एकूण अकरा मिनिटं. त्यात मोटारसायकलवरून पडलेला एक मुलगा आला, त्याचा फॉर्म सिस्टरनी कागदावर भरला आणि नंतर संगणकात घातला. त्याच्या आईला ह्यातलं काहीच कळलं नसेल.

असं प्रत्येक वेळी होतं असं मात्र नाही. ब्रिटनमध्ये टीएसबी बँकेनं एप्रिल २०१८ मध्ये ५२ लाख ग्राहकांची खाती एका शनिवार-रविवारात नव्या यंत्रणेवर नेली. गंमत म्हणजे माहिती नीट पोचली होती! पण नवी यंत्रणाच धड चालेना. सामान सगळं आलं, घराचे नळच नीट नव्हते. सुमारे १९ लाख लोकांना स्वतःच्याच खात्यात शिरता येईना. गाडं रुळावर यायला डिसेंबर उजाडला, सप्टेंबरमध्येच बँकेच्या प्रमुखांना जावं लागलं आणि पुढे २०२२ मध्ये ४ कोटी ८६ लाख पौंडांचा दंड झाला.

आपल्याकडे एचडीएफसी बँकेनं १३ जुलै २०२४ ला आपली मुख्य यंत्रणा नव्या जागी हलवली. ग्राहक नऊ कोटींच्या वर. बंदची वेळ पहाटे तीन ते दुपारी साडेचार. पण त्यातही सगळंच सगळा वेळ बंद नव्हतं. यूपीआय पहाटे पाऊण तास आणि मग साडेनऊ ते पाऊण एवढ्याच वेळात बंद राहील, असं आधीच जाहीर केलं होतं. आणि दिवस कुठला? महिन्यातला दुसरा शनिवार, बँकेला सुट्टीच.

आणखी एक गोष्ट भाऊजींनी सांगितली ती माझ्या मनातून जात नाही. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचं काम साठवणारी कंपनी. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तिथल्या एका थकलेल्या माणसानं दुसरीकडचं समजून चालू डेटाबेसच पुसला. नकला ठेवण्याच्या पाच पद्धती कागदावर होत्या, ऐन वेळी एकही कामाला येईना. कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी सहा तासांपूर्वी हातानं काढलेली एक नक्कल सापडली म्हणून निभावलं. मधले सहा तास गेले ते गेलेच.

हे ऐकून मला रडू आलं. भाऊजी गोंधळलेच. त्यांना काय माहीत! मागच्या वर्षी मी जुना मोबाईल देऊन नवा घेतला. दुकानातल्या मुलानं फोटो नव्यात घातले, “सगळं आलं, मॅडम” म्हणाला आणि माझ्यासमोरच जुना पुसून टाकला. मी मान डोलावली. आठ दिवसांनी लक्षात आलं, फोटो आले होते, पण कार्डावरचे व्हिडिओ आलेच नव्हते. बाबांची शेवटची दिवाळी त्यात होती. वहीपूजन करताना ते नातवाला कीर्द कशी लिहायची ते सांगत होते. दुकानाच्या त्यांच्या हातच्या वह्या अजून माळ्यावर आहेत, आवाज मात्र गेला.

चूक त्या मुलाची म्हणावी तर मीही मोजून पाहिलं नव्हतं. जुन्यात किती फोटो, किती व्हिडिओ, नव्यात किती, एवढे चार आकडे कागदावर मांडले असते तर तिथेच कळलं असतं. दोन-चार व्हिडिओ उघडून बघितले असते तरी पुरे होतं. यादीत नाव दिसलं म्हणजे आत वस्तू आहेच असं नसतं, आणि ते डबा उघडल्यावरच कळतं. आणि जुना फोन विकून जे आठशे रुपये सुटले, ते महिनाभर उशिरा सुटले असते तर काय बिघडणार होतं?

इस्पितळाच्या जुन्या डिस्कही भाऊजींनी लगेच काढल्या नाहीत. काय लिहिलं जाईल ते आता उलट्या दिशेनं, नव्याकडून जुन्याकडे उतरत राहील अशी सोय केली. तीन दिवसांनी नव्यात काही खोट निघाली तरी परत फिरताना मधल्या तीन दिवसांचं लिखाण हरवायला नको, म्हणून. एक महिना असं चालवायचं ठरलं होतं.

त्या पहाटे साडेपाचला ते परत आले तेव्हा मी पोहे भिजवूनच ठेवले होते. सासूबाई देवघरातून म्हणाल्या, “झालं का रे तुझं काम?” “झालं,” म्हणाले. “आई, तुझी पेनिसिलिनची ओळ तेवढी मी मुद्दाम उघडून बघून आलो.”