पाना 80 वर लावला, पण 80 काय?

आजच्या भागात आकडे जरा जास्त होते. ऐकताना ते निसटतात, म्हणून हा भाग लिहूनच देतोय. विषय आहे टॉर्क, आणि त्याची तीन वेगवेगळी एककं.

आधी टॉर्क म्हणजे काय? चाकाचा नट निघत नसेल तर मेकॅनिक पान्याच्या दांड्याला पाइप लावतो. जोर तेवढाच, पण हात लांब झाला आणि नट सुटला. जात्याचा खुंटाही मधोमध नसतो, कडेला असतो, तो याच कारणासाठी. म्हणजे टॉर्क = जोर गुणिले मध्यापासूनचं अंतर. बस्स, एवढंच.

आता जोर कशात मोजायचा आणि अंतर कशात, इथून गोंधळ सुरू होतो. न्यूटन आणि मीटर घेतले की न्यूटन-मीटर. पाउंड आणि फूट घेतले की पाउंड-फूट. किलोचा भार आणि मीटर घेतले की किलो-मीटर. हे रस्त्यावरचं किलोमीटर नव्हे बरं का! जुन्या जपानी गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये हे शेवटचं एकक सर्रास दिसतं.

मेट्रिक देशात पाउंड-फूट कशाला हवं, असं कुणी म्हणेल. आपल्याकडे वजनमापांचा कायदा 1956 साली झाला आणि ऑक्टोबर 1958 पासून मेट्रिक मापं लागू व्हायला लागली. तरी आपण आजही प्लॉट स्क्वेअर फुटात घेतो, नळाचा पाइप अर्धा इंची मागतो आणि टायरची रिम इंचात सांगतो.

नगरमध्ये तर, म्हणजे आताच्या अहिल्यानगरमध्ये, या दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदल्यात. इथे लष्कराचं आर्मर्ड कोर सेंटर आहे, 1994 पासून रणगाड्यांचं संग्रहालय आहे. मॅटिल्डा, व्हॅलेंटाइन हे रणगाडे ब्रिटिश, सगळा कारभार इंच-पाउंडात. आपला विजयंता आवडीच्या कारखान्यात बनला, पण मूळ डिझाइन ब्रिटनच्या व्हिकर्सचं. पुढे त्याच आवडीत टी-72 बनायला लागला, तो सोव्हिएत डिझाइनचा, म्हणजे मेट्रिक. एका सैन्याच्या हाताखाली दोन जातींचे बोल्ट! गावाकडेही तेच. जुन्या मॅसी फर्ग्युसनचं इंग्रजी मॅन्युअल पाउंड-फुटात आणि शेजारच्या नव्या ट्रॅक्टरचं न्यूटन-मीटरमध्ये. त्यात यूट्यूबवरचा अमेरिकन मेकॅनिक ‘फूट-पाउंड’ म्हणतो. घाबरू नका, टॉर्कच्या बाबतीत फूट-पाउंड आणि पाउंड-फूट एकच.

आता हिशेब. एक पाउंड म्हणजे 0.4536 किलो. त्याला गुरुत्वाकर्षणाच्या 9.80665 ने गुणलं की 4.448 न्यूटन. एक फूट म्हणजे 0.3048 मीटर. दोन्हींचा गुणाकार 1.356. म्हणून:

1 पाउंड-फूट = 1.356 न्यूटन-मीटर
1 न्यूटन-मीटर = 0.738 पाउंड-फूट
1 किलो-मीटर = 9.807 न्यूटन-मीटर
1 पाउंड-फूट = 12 पाउंड-इंच

शेडमध्ये हात ग्रीसने माखलेले असताना मोबाइल कोण काढणार? मग तोंडी हिशेब लक्षात ठेवा. न्यूटन-मीटरचे पाउंड-फूट करायचे तर पाऊणपट. उलट जायचं तर एक तृतीयांश मिळवा. किलो-मीटरचे न्यूटन-मीटर करायला सरळ दहापट. बुलेट 350 चा टॉर्क 27 न्यूटन-मीटर, त्याचा पाऊणपट सव्वावीस. खरं उत्तर 19.9. फरक दोन टक्क्यांच्या आत. चांगला टॉर्क पानासुद्धा तीन-चार टक्के इकडेतिकडे होतो, त्यामुळे एवढं चालून जातं.

आता मुद्द्याची गोष्ट. सगळ्यात धोक्याची चूक कुठली? मला विचाराल तर ती बारापट किंवा दहापटीची नाही. 88 पाउंड-इंचाचा छोटा बोल्ट कुणी 88 पाउंड-फुटावर आवळायला गेला तर तो हातातच तुटेल. नुकसान झालं, पण कळलं तरी. 1.36 पटीची चूक मात्र चूक वाटतच नाही. मॅन्युअलमध्ये 80 पाउंड-फूट आहे, म्हणजे 108 न्यूटन-मीटर. पान्यावर दोन पट्ट्या असतात. तुम्ही न्यूटन-मीटरच्या पट्टीवर 80 लावलं. पाना ‘टक’ वाजला, नट हाताला घट्ट लागला, सगळं ठीक. प्रत्यक्षात नट 26 टक्के कमी आवळलाय. तो शेडमध्ये सुटणार नाही. उसाची भरलेली ट्रॉली ओढताना, शंभर हादरे बसल्यावर हळूहळू सैल होईल. उलट बाजूने 110 न्यूटन-मीटरच्या जागी 110 पाउंड-फूट लावलं तर 149 न्यूटन-मीटर होतात. मग स्टड ताणला जातो, आटे जातात.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या धंद्यातही हेच आहे. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर सप्टेंबर 1999 मध्ये मंगळाजवळ नष्ट झालं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर आकडे पाउंडाच्या हिशेबात देत होतं आणि पुढचं ते न्यूटनच्या हिशेबातले समजत होतं. प्रवास नऊ महिन्यांचा. चूक दरवेळी छोटी होती, म्हणून साठत गेली. तेव्हापासून एककं सांभाळा म्हणून हेच उदाहरण सगळीकडे देतात. मी कोडमध्ये व्हेरिएबलच्या नावातच एकक लिहितो आणि आकडा आत येतानाच न्यूटन-मीटरमध्ये बदलून घेतो. आत मग एकच भाषा.

हीच सवय शेडमध्ये लावा. भिंतीवर खडूने नुसतं ‘मागचं चाक 80’ लिहू नका, पुढे एकक लिहा. पान्याची जी पट्टी वापरायची नाही तिच्यावर चिकटपट्टी लावून टाका. आणि कुणी फोनवर विचारलं, ‘भाऊ, कितीवर आवळू?’ तर आकडा सांगायच्या आधी विचारा, ‘तुझा पाना कशात आहे?’

पुढच्या भागात हॉर्सपॉवर, कारण त्याचं टॉर्कशी नातं आहे आणि तिथेही दोन प्रकारचे घोडे आहेत. भेटूच!