पिशवी फुकटाची, दंड पाच हजारांचा

आठवडी बाजारात कोथिंबिरीच्या जुडीसोबत पातळ कॅरीबॅग फुकट मिळते. ती खरंच फुकट पडते का, ते आज पाहू.

महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी अधिसूचना काढून प्लास्टिकच्या कॅरीबॅगवर राज्यभर बंदी घातली. ही बंदी शहरापुरती नाही, गावालाही लागू आहे. पिशवी बनवणं, विकणं, साठवणं आणि वापरणंही त्यात आलं. पहिल्यांदा सापडलं तर ५,००० रुपये दंड, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० आणि तीन महिन्यांची कैद.

आता आपल्या गटाचा हिशेब मांडा. दहा जणी महिन्याला शंभर-शंभर रुपये टाकतात. म्हणजे एका दंडात अख्ख्या गटाची पाच महिन्यांची बचत गेली!

दुसरा तोटा गोठ्यातला. आपली उस्मानाबादी शेळी म्हणजे घरची बँक. खरकट्याच्या वासाने ती उकिरड्यावरची पिशवी गिळते. प्लास्टिक पचत नाही, कोठीपोटात त्याचा गोळा होतो. शेळी चारा सोडते, पोट फुगतं, आणि पुष्कळदा ऑपरेशनशिवाय इलाज उरत नाही.

बाजारात रंगीत, कापडासारखी दिसणारी पिशवीही मिळते. तिचा दोरा ओढून पाहा. विणीचा धागा सुटत नसेल तर ते कापड नाही, बहुधा प्लास्टिकच आहे.

हे सगळं पटतं, पण भाजी विकणाऱ्या आमच्या मैत्रिणी म्हणतात, "पिशवी दिली नाही तर गिऱ्हाईक शेजारच्या पाटीवर जातं." त्यांचं खरं आहे. एकटीने बंद केलं तर तिचाच धंदा बसतो. म्हणून सगळ्या पाट्यांनी एकाच बाजारापासून बंद करायचं. ग्रामसभेआधी महिला सभा असते. तिथे हा विषय मांडू आणि ग्रामसभेत ठराव करून घेऊ.

जुन्या सुती साडीच्या आठ-दहा पिशव्या होतात. गटाने त्या शिवून बाजारात ठेवाव्यात. वीस रुपये अनामत घ्यायची, पिशवी परत आली की पैसे परत. नाही आली तर शिलाई तरी निघाली.

येत्या बाजाराला निघताना पिशवी घ्यायला विसरू नका. आणि शेजारणीलाही आठवण करा.