आधी यादी, मग राज्यघटना

1948च्या मार्च महिन्यात राज्यघटना मंजूर व्हायला अजून वीस महिने होते. कलमांवरची चर्चाही सुरू झाली नव्हती. तरी घटना समितीच्या सचिवालयाने प्रांतांना आणि संस्थानांना कळवून टाकले, की एकवीस वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाची मतदारयादी करायला घ्या. यामागे समितीचे घटनात्मक सल्लागार बेनेगल नरसिंह राव होते. मतदाराच्या हक्काचे कलम कागदावर पक्के होण्याआधीच मतदाराचा शोध सुरू झाला, आणि मला हा उलटा क्रमच महत्त्वाचा वाटतो. लोकशाहीची चर्चा आपण संसद, न्यायालय, हक्क अशी वरून खाली करतो. पण राज्य कोणाचे, हे ठरते ते गावोगाव फिरणाऱ्या कारकुनाच्या वहीत.

याआधीही निवडणुका होत होत्या. 1935च्या कायद्याखाली 1937मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या, तेव्हा मतदार होते साधारण तीन-साडेतीन कोटी. शेतसारा, घरपट्टी, प्राप्तिकर किंवा शिक्षण यांपैकी काही दाखवता आले तर मत. काही बायकांना मत मिळे ते नवऱ्याच्या मालमत्तेच्या आधारावर. शिवाय मतदार कप्प्यांत वाटलेले. 1909पासून मुसलमानांना स्वतंत्र मतदारसंघ होते, पुढे इतरांनाही मिळाले. आपल्याकडे 1919च्या सुधारणांनंतर मुंबई कायदेमंडळात मराठ्यांसाठी 7 जागा राखीव होत्या, हे आज फारसे कोणाला आठवत नाही. म्हणजे सरकारच्या लेखी माणूस आधी जमातीचा, मग सारा भरणारा, आणि उरलाच तर एकटा माणूस.

सायमन कमिशनपुढे 1928मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रौढ मतदानाची मागणी केली होती. त्याच वर्षीच्या मोतीलाल नेहरू समितीच्या अहवालातही ती होती. अडाणी माणसाला मत द्यायचे कसे, हा त्या काळातल्या पुष्कळ शिकलेल्या मंडळींचा प्रश्न असे. 1951च्या जनगणनेत साक्षरता जेमतेम 18 टक्के भरली, यावरून त्या धास्तीचा अंदाज येतो. स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय निवडणुकीत बायकांना मत मिळाले 1971मध्ये. आपल्या घटनेने कलम 326 लिहून सर्व प्रौढांना एका फटक्यात मत दिले आणि 325मध्ये सर्वांची एकच यादी ठरवली. धर्म, वंश, जात किंवा लिंग यांवरून कोणाला वगळायचे नाही.

यादी करताना पहिली अडचण आली निर्वासितांची. सूचनेप्रमाणे त्या जागी निदान 180 दिवस राहणे आवश्यक होते. फाळणीत सगळे मागे टाकून छावणीत आलेला माणूस हे कुठून दाखवणार? इतिहासकार ऑर्निट शनी यांनी हा पत्रव्यवहार उकलून दाखवला आहे. सचिवालयाने तोड काढली ती सरळ होती. इथेच राहायचा इरादा आहे, असे त्या माणसाने जाहीर केले की नाव लिहायचे. नागरिकत्वाची कलमे अजून वादात असताना सरकारी दप्तराने माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवला. सरकारी दप्तराविषयी असे लिहायची संधी क्वचित मिळते.

दुसरी अडचण घराच्या उंबऱ्याआड होती. 1950मध्ये निवडणूक आयोग स्थापन झाला, सुकुमार सेन पहिले मुख्य निवडणूक आयुक्त झाले. त्यांच्यापुढे याद्या आल्या तेव्हा बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान, विंध्य प्रदेश अशा भागांत लाखो बायकांची नावेच नव्हती. होत्या त्या अमक्याची आई, तमक्याची बायको. आपल्याकडे बाई नवऱ्याचे नाव उखाण्याशिवाय घेत नसे; तिकडे तिला परक्या पुरुषाला स्वतःचेच नाव सांगणे मुश्किल. सेन यांनी नावे मिळवायला मुदत वाढवून दिली. तरीही सुमारे 8 कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळपास 28 लाखांनी नाव सांगितले नाही, आणि त्या नोंदी त्यांनी काढून टाकल्या. निर्णय कठोर होता. मला तो अजूनही थोडा खटकतो, कारण शिक्षा भोगली ती बायकांनी. नाव लपवायला लावणाऱ्यांची मते शाबूत राहिली. पण ‘अमक्याची बायको’ अशी नोंद चालवून घेतली असती, तर नवऱ्याच्या आधारावरचे जुने मतच मागच्या दाराने परत आले असते. ओरड झाली, ती सेन यांना इष्टच वाटली. पुढच्या निवडणुकीपर्यंत बऱ्याच जणींची नावे लागली.

अखेर यादी 17 कोटी 32 लाखांवर गेली. मतदान 25 ऑक्टोबर 1951ला हिमाचलातल्या चिनी नावाच्या तहसिलीत सुरू झाले, बर्फ पडायच्या आत. ते फेब्रुवारी 1952पर्यंत चालले. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, तिच्यावर चिन्ह. कोरी मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. यातल्या लाखो पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात तयार झाल्या. पद्धतीत खोट होती. मतपत्रिकेवर खूणच नसल्याने ती एका पेटीतून दुसरीत गेली तर ओळखणार कशी? साठच्या दशकात मतपत्रिकेवर शिक्का मारणे आले, ते यामुळेही.

मतदान सुमारे 45 टक्के झाले. उत्तर मुंबईच्या द्विसदस्य मतदारसंघात प्रत्येकाला दोन मते होती, एक जागा अनुसूचित जातींसाठी राखीव. तिथे आंबेडकर उभे होते, समाजवाद्यांशी युती करून. काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरवले. हजारो मते ‘कुजवली’, म्हणजे मुद्दाम वाया घालवली, गेल्याची तक्रार घेऊन आंबेडकर आणि समाजवादी नेते अशोक मेहता निवडणूक न्यायाधिकरणाकडे गेले. अर्ज फेटाळला गेला. ज्यांनी घटना लिहिली त्यांना तिच्याखालच्या पहिल्या निवडणुकीत मुंबईने पाडले, आणि दाद मागायला त्यांनाही इतरांसारखाच अर्ज करावा लागला.

1954मध्ये आंबेडकर भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीला उभे राहिले. तोही द्विसदस्य मतदारसंघ, सोबत पुन्हा अशोक मेहता. सर्वसाधारण जागेवर मेहता निवडून आले. राखीव जागा काँग्रेसचे भाऊराव बोरकर घेऊन गेले.