औषधाची तांबी बसवल्यावर काय होते?

खारेपाटण हे कणकवली तालुक्यातले गाव. इथल्या बायांना तांबी माहीत आहे. लवकर दिवस जाऊ नयेत म्हणून ती गर्भपिशवीत बसवतात. सरकारी दवाखान्यात ती फुकट बसते. तिच्यावर तांब्याची बारीक तार असते, म्हणून तिला तांबी म्हणतात.

तांबीबद्दल बायकांत पुष्कळ बोलणे चालते. "गो बाय, ती वर काळजात चढता म्हणे!" असे कोणी सांगते. ऐकणारी घाबरते. पण तांबी काळजात जात नाही. पिशवीतून काळजाकडे वाटच नाही.

मग हे भय आले कुठून? त्याला जुने कारण आहे. १९६५ साली सरकारने देशभर लूप बसवायला सुरुवात केली. लूप म्हणजे प्लॅस्टिकची वेटोळी. वर्षा-दोन वर्षांत लाखो बायांनी ती बसवून घेतली. पुढे कोणाच्या अंगावरून जास्त जाऊ लागले, कोणाच्या पोटात कळा येऊ लागल्या. असे होऊ शकते हे पुष्कळ बायांना आधी कोणी सांगितलेच नव्हते. बसवून गेलेले लोक परत विचारायलाही आले नाहीत. बाया भ्याल्या. एकीचे ऐकून दहाजणींनी नको म्हटले. दोन-तीन वर्षांत लूप मागे पडली. चूक बायांची नव्हती. सांगणाऱ्यांनी अर्धेच सांगितले होते.

आता आणखी एक प्रकार निघाला आहे. दिसायला तो तांबीसारखाच, पण त्यात तांबे नाही. त्याच्या दांड्यात औषध भरलेले असते. हे औषध म्हणजे एक हार्मोन. बाईच्या शरीरात असाच एक रस आपोआप तयार होतो. दांड्यातून हे औषध रोज अगदी थोडे थोडे पाझरते. आम्ही याला औषधाची तांबी म्हणू. मुदत तिच्या प्रकाराप्रमाणे पाच ते आठ वर्षांची असते. खाजगी दवाखान्यात तिला काही हजार रुपये पडतात. हजार बायांनी ती बसवली, तर पहिल्या वर्षात फार तर दोघी-तिघींना दिवस जातात.

हिचा मुख्य त्रास पाळीचा. तांब्याच्या तांबीने पाळी थोडी वाढते. औषधाच्या तांबीने ती कमी होते, पण लगेच नाही. पहिले तीन ते सहा महिने पाळीला ताळतंत्र राहत नाही. मधेच डाग पडतात. कधी ते पंधरा-वीस दिवस पडतच राहतात. याच वेळी बाई कंटाळते. घरात विटाळ पाळत असतील तर बिचारीने किती दिवस बाजूला बसावे? डाग म्हणजे पाळी नव्हे. आमच्या मते त्यासाठी तिला बाजूला बसवूच नये.

सहा महिन्यांनंतर पाळी हलकी होते. वर्षभराने पाचांतल्या एकीची पाळी बंदच होते. मग नवे भय. "रगात पोटात साठता!" असे सासू म्हणते. ते खरे नाही. दर महिन्याला पिशवीच्या आतल्या बाजूला एक मऊ थर वाढतो. गर्भ राहिला नाही की तो गळून पडतो. तीच पाळी. हे औषध तो थर वाढूच देत नाही. बांधावर गवतच उगवले नाही, तर कापायचे काय? तसेच हे आहे. तांबी काढली की पाळी परत येते, आणि मूलही राहू शकते.

म्हणूनच ज्या बाईच्या अंगावरून फार जाते, जी रक्त जाऊन पांढरीफटक पडते, तिला डॉक्टर हीच तांबी औषध म्हणून देतात. आधी तपासणी मात्र हवी. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांची गोष्ट महाराष्ट्रभर गाजली. कितीतरी बायांनी तरुणपणीच पिशवी काढून टाकली होती. पिशवी काढण्याआधी दुसरा उपाय आहे का, हे डॉक्टरांना विचारावे.

बाकीचे त्रास लहान आहेत. डोके दुखते, छाती दुखरी होते, तोंडावर पुटकुळ्या येतात. कोणाचे मन उदास राहते. अंडाशयावर पाण्याची गाठ होते, ती बहुधा आपोआप विरते. बसवताना कळ येते, ती एक-दोन दिवसांत जाते. कधी तांबी आपोआप बाहेर पडते. हजारांत एखाद-दुसरीच्या पिशवीला बसवताना भोक पडते आणि तांबी पोटात सरकते. म्हणून ती शिकलेल्या हातानेच बसवावी.

काही वेळा मात्र वाट पाहू नये. पोटात दुखून ताप आला, घाण वासाचे पाणी जाऊ लागले, तासातासाला कपडा भिजू लागला, तर लगेच दवाखान्यात जावे. दिवस गेल्यासारखे वाटले, किंवा पोटात एका बाजूला जोराची कळ येऊन चक्कर आली, तर त्याच दिवशी जावे. गर्भ नळीत राहिलेला असू शकतो. असे क्वचित होते, पण जिवावर बेतते. जवळ आरोग्य केंद्र आहे, कणकवलीला मोठे रुग्णालय आहे. आशाताईला हाक मारावी, लाजू नये.

तांबीला दोन बारीक दोरे असतात. महिन्यातून एकदा हात स्वच्छ धुऊन ते बोटाला लागतात का ते पाहावे. लागले नाहीत तर दाखवून घ्यावे. त्रास सोसवत नसेल तर तांबी केव्हाही काढता येते. त्यासाठी मुदत संपायची वाट पाहायला नको, आणि कारणही द्यायला नको. बसवताना एक कार्ड मिळते. त्यावर बसवल्याची तारीख असते, काढायची असते. ती दवाखान्यातच वाचून पाहावी. लिहिली नसेल तर तिथेच लिहून मागावी.