‘किती होतील?’च्या आधी

पावसाळा ओसरून रस्त्यावरच्या चिखलाची धूळ व्हायला लागली, की अकलोली-वज्रेश्वरी पट्ट्यातल्या गॅरेजांपुढे बाईकांची रांग लागते. दुखणी बहुतेक सारखीच असतात. हँडलमध्ये ‘कट’ असा आवाज, पुढच्या शॉकअपच्या नळीवरून ओघळलेलं तेल, ब्रेक दाबला की खरखर, झोल पडलेली चेन. तानसेकाठचा पाऊस आणि भिवंडी-वाडा रस्त्याचे खड्डे मिळून गाडीचं हे करतात. गाडीवाल्यांत कोणी भिवंडीच्या गोदामात पाळीवर जाणारा असतो, कोणी अंबाडी नाक्याला भाजी पोचवणारा, तर कोणी कुंडावर आंघोळीला आलेल्या पाहुण्यांना रिक्षाने शिरसाडपर्यंत सोडणारा. गाडी बंद तर त्या दिवसाची कमाई बंद. म्हणून मेकॅनिकसमोर पहिला प्रश्न निघतो, “दादा, किती होतील?”

मला वाटतं आपली फसगत, किंवा फसलो असा नुसता संशय, या प्रश्नापासूनच सुरू होतो. “काय झालंय आणि ते कशावरून?” हे आधी विचारलं नाही, तर नंतर आलेला आकडा महाग की वाजवी हे ठरवायला हातात काहीच उरत नाही.

माझ्याच बाईकचं सांगतो. हँडलमध्ये आवाज येत होता. एका गॅरेजमध्ये गाडीला हात न लावता सांगितलं, “कोनसेट गेलाय, चिमटा पण वाकलाय.” आकडा ऐकून मी परत फिरलो. दुसऱ्या ठिकाणी कारागिराने गाडी मधल्या स्टँडवर घेतली, पुढचं चाक उचलून हँडल हळूहळू फिरवलं आणि मलाही फिरवायला लावलं. चाक सरळ आलं की हँडल खाचेत अडकल्यासारखं थबकत होतं. म्हणजे कोनसेट, हँडल ज्यावर फिरतं तो बेअरिंगचा जोड, खरंच गेला होता. मग त्याने चिमट्याच्या, म्हणजे पुढच्या फोर्कच्या, दोन्ही नळ्यांवर पट्टी धरून दाखवली. त्या सरळ होत्या. पहिल्याचं निदान अर्धं बरोबर होतं, आणि उरलेल्या अर्ध्याचे पैसे माझ्या खिशातून जाणार होते. पण पहिल्याला मीही “दाखवा” म्हटलं नव्हतं.

गैरसमज : तीन ठिकाणी विचारा आणि सगळ्यात कमी सांगेल त्याला काम द्या.

तीन ठिकाणी जरूर विचारा, पण तिन्ही आकडे एकाच कामाचे आहेत का ते बघा. चेनचंच घ्या. एकजण नुसती चेन बदलायचे सांगतो, दुसरा चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट मिळून किट बदलायचे. दुसरा महाग वाटतो. पण झिजलेल्या दात्यांवर नवी चेन चढवली, तर ते दाते तिलाही लवकर खातात आणि थोड्याच महिन्यांत तोच खर्च पुन्हा करावा लागतो. तपासायला दोन मिनिटं पुरतात. मागच्या स्प्रॉकेटच्या पाठीमागे चेन बोटांनी धरून ओढा. ती दात्यांवरून चांगलीच उचलली जात असेल, किंवा दाते आकड्यासारखे एका बाजूला वळले असतील, तर किट सांगणारा खरं सांगतोय. दाते शाबूत आणि चेन नुसती सैल असेल, तर ताण देऊन आणि वंगण घालून काम भागतं. तेव्हा किटचा भाव कितीही कमी सांगितला, तरी तो खर्च फुकटच.

दोन आकडे शेजारी ठेवायचे तर प्रत्येकाकडून तेवढीच फोड घ्या : कोणता भाग, कोणत्या कंपनीचा, किती नग, मजुरी किती. व्हॉट्सॲपवर दोन ओळी लिहून घेतल्या तरी चालतं.

गैरसमज : कंपनीच्या डब्यातला नसेल तो भाग डुप्लिकेट.

गाडी बनवणारी कंपनी सगळे भाग स्वतः घडवत नाही. शॉकअप, बेअरिंग, बॅटरी, इंजेक्शनचे भाग ती दुसऱ्या कारखान्यांकडून घेते, आणि गॅब्रिएल, बॉश, एक्साइड यांच्यासारख्या कंपन्या आपल्या नावानेही बाजारात माल विकतात. म्हणून ‘कंपनीचा’ आणि ‘नामांकित ब्रँडचा’ असे दोन सरळ पर्याय असतात, आणि दुसरा बऱ्याचदा स्वस्त पडतो. त्याखाली येतो ‘लोकल’, म्हणजे ज्याच्या दर्जाची हमी कोणी देत नाही असा माल. खरा गुन्हा आहे तो डुप्लिकेट, म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा नकली डबा. सीटचं कव्हर लोकल घेतलं तर जीव जात नाही. ब्रेकशू, ब्रेकपॅड, बेअरिंग आणि क्लच-ब्रेकच्या वायरी यांत मात्र मी कधीच काटकसर करत नाही, आणि तुम्हीही करू नका. मेकॅनिकने ब्रँडचा भाग टाकून ब्रँडचे पैसे घेतले तर तक्रारीला जागा नाही. लोकल टाकून कंपनीचे पैसे घेतले तर ती लूट. ओळखायचं कसं? डबा आपल्यासमोर फोडायला सांगा आणि घरी घेऊन या.

त्याच डब्यावर छापलेल्या एमआरपीबद्दलही मोठा गोंधळ आहे. पुष्कळांना वाटतं, बिल पक्कं घेतलं की भागाच्या छापील किमतीवर जीएसटी वेगळा द्यावा लागतो. तसं नाही. एमआरपी म्हणजे सर्व करांसह कमाल किंमत. वेष्टनबंद मालाच्या नियमांत ती तशीच छापावी लागते. समजा भागाची एमआरपी ६०० रुपये आहे आणि मजुरी ३००. गॅरेजने दोन्हींची बेरीज करून वर १८ टक्के लावले, तर बिल होतं १,०६२. बरोबर हिशेब असा : भागाचे ६००, मजुरीचे ३०० आणि मजुरीवरच्या कराचे ५४, एकूण ९५४. बिलात भागाची मूळ किंमत ५०८.४७ आणि कर ९१.५३ असा फोडून दाखवला असेल तर घाबरू नका, त्यांची बेरीज ६००च होते. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के कर आहे. त्याआधी बऱ्याच भागांवर तो २८ टक्के होता. कोणी अजून २८ लावत असेल तर बोट ठेवून विचारा.

आणि नाक्यावरचं छोटं गॅरेज? भाग आणि मजुरी मिळून वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर सहसा जीएसटी नोंदणीची सक्ती नसते. नोंदणी नसलेल्याला तुमच्याकडून हा कर घेताच येत नाही. कर लावलेल्या बिलावर पंधरा आकडी-अक्षरी जीएसटी क्रमांक हवा, आणि महाराष्ट्रातला असेल तर त्याची सुरुवात २७ ने होते.

आता मेकॅनिकच्या बाजूने थोडं बोलायला हवं, कारण इथे आपणच अन्याय करतो. “पाच मिनिटांचं काम, त्याचे दोनशे कसले?” हे वाक्य मी प्रत्येक गॅरेजात ऐकलंय. पाच मिनिटांत दोष सापडतो तो पंधरा वर्षं हात काळे केल्यामुळे. पुलर, टॉर्क पाना, कॉम्प्रेशन गेज ही हत्यारं त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेली असतात. तुमचा भाग आणायला पोरगा भिवंडीला जातो, त्याचं पेट्रोल आणि बुडालेला अर्धा दिवस कुठून तरी निघायलाच हवा. घाऊक भाव आणि एमआरपी यांच्यात मेकॅनिकला चार पैसे सुटले तर ती चोरी नाही, तो त्याचा धंदा आहे. एमआरपीच्या वर मात्र एक रुपयाही नाही. गाडी खोलून नुसतं निदान केलं तर त्याचीही मजुरी द्यावी. ती किती हे आधी विचारावं आणि पुढे काम तिथेच दिलं तर वळती करून मागावी.

गैरसमज : धूर आला, म्हणजे इंजिन गेलं.

या एका वाक्यावर आपल्या भागात किती कुटुंबांचे हजारो रुपये गेले असतील! धूर कसला आणि कधी येतो ते बघा. थंडीच्या सकाळी पांढरी वाफ येऊन गाडी तापल्यावर थांबत असेल, तर ती पाण्याची वाफ, दुरुस्ती काहीच नको. रात्रभर उभी असलेली गाडी चालू करताच निळसर धूर येतो आणि मग थांबतो, तेव्हा पहिला संशय व्हॉल्व्हच्या ऑइल सीलवर घ्यावा. तो भाग छोटा आणि स्वस्त असतो. रेस केली की सतत निळा धूर येतो आणि ऑइलची पातळी दर आठवड्याला खाली जाते, तेव्हा पिस्टनच्या रिंगा नाहीतर ब्लॉक झिजलेला असण्याची शक्यता मोठी.

खात्री करायला कॉम्प्रेशन गेज आहे. प्लगच्या जागी लावून आकडा घ्यायचा, मग सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडून पुन्हा घ्यायचा. आकडा चांगलाच वाढला तर गळती रिंगांतून, फारसा हलला नाही तर संशय व्हॉल्व्हवर. एवढं न करता कोणी थेट ‘फुल इंजिन’ सांगत असेल तर थांबा. ‘हाफ’ म्हणजे हेड, ब्लॉक, पिस्टनपर्यंतचं काम. ‘फुल’ म्हणजे खालची केसिंग फोडून क्रँक, कनेक्टिंग रॉड, बेअरिंगपर्यंत जाणं. खालून ठोके येत असतील किंवा रॉडमध्ये हाताला ढिलाई लागत असेल तरच त्या कामाला कारण आहे, आणि ती ढिलाई ब्लॉक काढल्यावर तुम्हालाही हात लावून दाखवता येते. इंजिनाच्या कामात खोलण्याआधी पक्का आकडा कोणीच प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. तिथे अंदाज घ्यायचा, वरची मर्यादा ठरवायची, आणि “याच्या पुढे गेलं तर फोन केल्याशिवाय हात लावू नका” असं सांगून ठेवायचं.

याला जोडूनच पुराच्या पाण्याचं. फरशी पुलावरून पाणी जात असताना गाडी घातली, मध्येच बंद पडली, की आपण काठाला येऊन किकवर किक मारतो. इंजिनात पाणी शिरलं असेल तर तिथेच मोठं नुकसान होतं, कारण पाणी दाबलं जात नाही आणि रॉड वाकतो. गाडी ढकलत न्या. प्लग काढून पाणी बाहेर काढणं, एअर फिल्टर बघणं, ऑइल दुधाळ झालंय का ते पाहून बदलणं, हे आधी. विमा आहे म्हणून निर्धास्त राहू नका. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करताना इंजिन गेलं, तर साध्या पॉलिसीत ते नुकसान सहसा धरत नाहीत. त्यासाठी इंजिन संरक्षणाची वेगळी जोड घ्यावी लागते. अपघाताच्या दाव्यातही प्लास्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के घसारा कापतात. धातूच्या भागांवर तो गाडीच्या वयाप्रमाणे वाढतो, दहा वर्षांपुढे तिथेही ५०. घसारा न कापणारी ‘झिरो डेप’ जोड नसेल तर “विम्यात बसवू” म्हणणाऱ्याला तुमच्या वाट्याला किती येईल ते आधी विचारा.

बॅटरीचंही असंच. सेल्फ लागत नाही, म्हणजे बॅटरी गेली असं दुकानदार म्हणतो आणि आपण मान डोलावतो. मल्टीमीटर लावायला सांगा. गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास आणि इंजिन रेस केल्यावर साधारण साडेतेरा ते साडेचौदा दिसायला हवेत. रेस करूनही आकडा वर चढत नसेल, तर दोष चार्जिंगमध्ये आहे. नवी बॅटरीही काही दिवसांत उतरेल. आकडा पंधराच्या वर जात असेल, बॅटरीतून सडक्या अंड्यासारखा, गंधकाच्या झऱ्याशी येतो तसा वास येत असेल, तर रेग्युलेटर तपासा. बॅटरी बदलायचीच ठरली तर जुनी वळती करून घ्या. तिच्यातल्या शिशाला भाव असतो आणि आकड्यात तो वजा झालेला दिसायला हवा.

बाहेर काम केलं की वॉरंटी गेली, ही भीती चारचाकीवाल्यांना जास्त. भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना सुट्या भागांची आणि दुरुस्तीच्या साधनांची वाट अडवल्याबद्दल सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. त्या आदेशात हेही होतं, की बाहेरच्या गॅरेजात गेला एवढ्याच कारणाने सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट नको. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे बिघाड झाला तर त्यापुरती ती नाकारता येते. तरी वॉरंटीच्या काळात इंजिन किंवा वायरिंग उघडायचं असेल तर पुस्तिका वाचून मगच बाहेर द्या.

शेवटी दोन गोष्टी, ज्या मागायला लोक संकोचतात. जुना भाग परत मागणं म्हणजे मेकॅनिकवर अविश्वास दाखवणं नाही. तो भाग तुमचा आहे. वॉरंटीत किंवा विम्यात बदललेला आणि अदलाबदलीत दिलेला सोडून बाकी सगळं पिशवीत भरून मागा, पण काम सुरू होण्याआधी सांगा.

आणि बिल. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे, आणि त्यात बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. वाद झाला तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. तिथे सुटलं नाही तर ठाण्याचा जिल्हा ग्राहक आयोग आहे. कामासाठी दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तिथे शुल्क लागत नाही, मुदत दोन वर्षांची. एक मात्र लक्षात ठेवा : सांगितलेलं काम केलं असेल तर त्याची मजुरी मिळेपर्यंत गाडी अडवून ठेवायचा हक्क मेकॅनिकला १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १७० ने दिला आहे. म्हणून गॅरेजच्या दारात हमरीतुमरी करून गाडी ओढत नेऊ नका. बिलावर ‘हरकतीसह रक्कम भरली’ असं लिहा, पैसे द्या, गाडी सोडवा, आणि तक्रार त्या कागदाच्या आधारे करा.