दाताची कीड आणि ज्येष्ठमधाचा लॉलीपॉप

‘दाताला कीड लागलीय’ असं आपण अगदी सहज म्हणतो. पण डेंटिस्टच्या खुर्चीत बसल्यावर खरोखरचा किडा दिसलाय का कधी तुम्हाला? नाही ना! तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी चीनमधल्या लोकांनीही हीच कल्पना केली होती. शांग राजवटीत हाडांवर कोरलेल्या लिपीत दाताच्या किडीसाठी जे अक्षर आहे, त्यात दातांच्या जोडीला चक्क एक अळी आहे.

अळीबिळी काही नसते. असतात ते बॅक्टेरिया, आणि त्यातला मुख्य गुन्हेगार म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. कँटीनचा गोड चहा तुम्ही पिता, त्यातली साखर हा पठ्ठ्या खातो आणि अॅसिड सोडतो. त्या अॅसिडमुळे दाताच्या वरच्या आवरणातलं कॅल्शियम विरघळायला लागतं.

या बॅक्टेरियाला मारणारं काही चिनी वनौषधींमध्ये मिळेल का, हे अमेरिकेत यूसीएलए विद्यापीठात वेन्युआन शी यांच्या टीमने शोधलं. हाती लागलं ते ‘गान-त्साओ’, शब्दशः ‘गोड वनस्पती’. असंख्य चिनी काढ्यांमध्ये ती पडते. आपण घसा बसला की जे ज्येष्ठमध चघळतो, त्याचंच हे चुलत भावंड. जात वेगळी, कुळ एकच. २००६ मध्ये या टीमने त्यातला ‘ग्लिसरायझॉल ए’ हा घटक वेगळा केल्याचं जाहीर केलं. एक मिलीलिटरमध्ये फक्त एक मायक्रोग्रॅम असला, तरी टेस्ट ट्यूबमधल्या म्यूटन्सची वाढ थांबत होती.

मग त्यांनी काय करावं? लॉलीपॉप! म्हणजे बिनसाखरेचा, ज्येष्ठमधाचा अर्क घातलेला. बालवाडीच्या वयाच्या मुलांना तो दिवसातून दोनदा, तीन आठवडे दिला गेला. तोंडातले म्यूटन्स खरंच कमी झाले. लॉलीपॉप बंद केल्यावर काही आठवड्यांनी ते परत वाढायला लागले. आयडिया भन्नाट आहे, मान्य. पण नीट बघा, इथे मोजले गेले ते बॅक्टेरिया. मुलांचे दात किडायचे थांबले का, हे एवढ्या छोट्या प्रयोगातून कळत नाही. ‘चिनी जडीबुटीने दात किडत नाहीत’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर हा फरक त्याला जरूर विचारा.

दुसरं औषध तर अजून भारी आहे. त्याचं नाव वू-बेई-त्झ. एका झाडाच्या पानावर मावा पडतो आणि पानाला फुगीर गाठी येतात, त्या गाठी म्हणजे हे औषध. (कीड पडलेल्या पानातून दाताच्या किडीवर उपाय शोधायचा, हे मला तरी फार आवडलं.) तुम्ही लहानपणी बाळगुटीतलं मायफळ चाटलं असेल, तर तीही ओकच्या झाडावरची अशीच एक गाठ, फक्त ती माव्याची नाही, गांधीलमाशीच्या जातीतल्या एका बारक्या कीटकाची करामत. वू-बेई-त्झमध्ये टॅनिन खच्चून भरलेलं असतं. कडक कोऱ्या चहाने जीभ कोरडी पडते, ते यामुळेच. चेंगडूच्या सिचुआन विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. त्याच्या अर्काने दातातली खनिजं निघून जाण्याचा वेग कमी होतो, असं तिथल्या प्रयोगांत दिसलं. पण हे प्रयोग मुख्यतः लॅबमध्ये, काढलेल्या दातांवर. त्या दातांना ना जेवायचं असतं, ना रात्री दोन वाजता मॅगी खायची असते.

बरं, हे वाचून आजीच्या डब्यातल्या ज्येष्ठमधाच्या काड्या दिवसभर चघळायचा बेत करत असाल तर थांबा. त्यातल्या ग्लिसरायझिनमुळे, जास्त खाल्लं तर, शरीरातलं पोटॅशियम कमी होतं आणि बीपी वाढतं. आणि दाताला खड्डा पडलाच असेल, तर तो चिनी काय किंवा देशी काय, कुठलाच काढा भरून देत नाही. तिथे डेंटिस्टच लागतो.

‘हर्बल’ टूथपेस्ट घ्यायला हरकत नाही. फक्त पुढची हिरवी पानं बघून झाली की खोकं उलटं करा आणि बारीक अक्षरात फ्लोराइड लिहिलंय का ते शोधा. आपल्याकडे त्याची कमाल मर्यादा १००० पीपीएम आहे, आणि पेस्टमध्ये फ्लोराइड असेल तर ते छापावंच लागतं.